तोंडी तक्ता

पाणीपुरवठा विभागात मास्तरांना मास्तर म्हणायचे, ते काही त्यांनी कधी शाळेत शिकवलं म्हणून नव्हे. कुणी कुठल्या दिवशी कुठे ड्युटीला जायचं याचा तक्ता करणं हे त्यांचं काम, आणि तो करताना ते खरोखरीच पट्टी घेऊन बसायचे. रेघ वाकडी गेली की कागद फाडून दुसरा घ्यायचे. पंपघराच्या भिंतीवर तक्ता लागला, खाली मास्तरांची सही आणि शिक्का आला, की साहेबलोकांच्या दृष्टीने विषय संपला.

विषय अर्थातच संपत नसे. सकाळी सगळे पंपघराच्या ओट्यावर चहाला जमले की मास्तर कपातून नजर वर न करता म्हणायचे, "आज तू पंपावरच थांब. टाकीवर हा जाईल. आणि याच्या सुट्टीच्या दिवशी तू ये." ऐकणारा मान हलवायचा आणि कामाला लागायचा. याला विभागात तोंडी तक्ता म्हणत. भिंतीवरचा तक्ता साहेबांसाठी, तोंडी तक्ता पाण्यासाठी. कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाला अंधारात धड दिसत नाही आणि ते कबूल करायची त्याची तयारी नाही, हे सगळं त्यात बसवलेलं असे. शहराला वेळेवर पाणी मिळालं ते या दुसऱ्या तक्त्याच्या जिवावर. पण तो कुणी कधी लिहून ठेवला नाही. लिहिला की नियमाबाहेर गेला, एवढी अक्कल प्रत्येकाला होती.

तोंडी तक्त्यातली सगळ्यात जुनी सोय मास्तरांच्या साडूची होती. मास्तरांची बायको थोरली आणि साडूची धाकटी, अशा त्या दोघी सख्ख्या बहिणी. साडू त्याच विभागात पंप चालवायचा. माणूस आडदांड, दिलदार, तोंडाळ. मोटर बिघडली तर नुसत्या आवाजावरून नाडी सांगणारा. पण उंच टाकीचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत तो टाकीची शिडी चढत असताना त्याच्या वर असलेल्या सोबत्याचा पाय निसटला होता. तो खाली जाताना साडूच्या खांद्याला घासून गेला. सोबती वाचला नाही. त्यानंतर साडू शिडीच्या चार पायऱ्या चढला की त्याचे हात गजाला असे आवळायचे की दुसऱ्या कुणीतरी येऊन एकेक बोट सोडवावं लागे.

मास्तरांनी हे एकदाच पाहिलं. साडूला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर साडूच्या नावापुढे टाकी आली की टाकीवर दुसरा कुणीतरी चढायचा, आणि त्या बदल्यात साडू त्याची सुट्टीची ड्युटी करायचा. कुणाचं नुकसान नाही, कुणावर उपकार नाहीत. "माझी बहीण सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचं तोंड बघायला पंपघरात जाते," असं मास्तरांची बायको हसून सांगायची. तिला कारण माहीत होतं, बहिणीलाही माहीत होतं. त्याबद्दल दोघी मास्तरांना मानत होत्या, आणि मास्तरांनाही ते मनातून आवडत होतं.

मग निवृत्त्यांचं वर्ष आलं. फार पूर्वी ज्या वर्षी पालिकेने टाक्या बांधल्या त्याच वर्षी विभागातली बहुतेक भरती झाली होती. त्यामुळे माणसं एकदम आली तशी एकदम जायला निघाली. दर महिन्याला कुणाचा तरी निरोप. हार, नारळ, भाषण, आणि दुसऱ्या दिवशी एक खुर्ची रिकामी. नवी भरती जेमतेम, आणि आलेल्या पोरांना शिकवायला कुणी उरणार नाही, अशी गत.

विभागाच्या नव्या प्रमुख मॅडम तरुण होत्या, पण उथळ नव्हत्या. त्यांनी पालिकेकडून कृत्रिम बुद्धिमत्तेची एक यंत्रणा आणवली. जाणाऱ्या माणसांशी तिने बोलायचं, त्यांचं काम समजून घ्यायचं आणि पुढे ड्युट्याही तिनेच लावायच्या. तिच्यासाठी एक खोली रंगवून घेतली, एसी बसवला. ओट्यावरच्या मंडळींनी लगेच तिचं बारसं करून टाकलं. एसीची खोली, दिवसभर सरबराई, आणि चुकलं तरी बोलायची सोय नाही, म्हणून जावई.

मास्तरांची जावयाशी भेट निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात झाली. मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, कागदावरचं सगळं याला देऊन झालंय. तुमचे सगळे तक्ते आहेत त्याच्याकडे. मला कागदावर नसलेलं हवंय. मोकळेपणाने बोला."

मास्तर सावध झाले. साहेब मोकळेपणाने बोला म्हणाला की तोंडाला कुलूप लावायचं, हे ते नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकले होते. गोड बोलून एखादं वाक्य काढून घ्यायचं आणि मग त्याच वाक्याची चौकशी लावायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. या मॅडमच्या मनात तसलं काही नव्हतं. पण सवय ती सवय.

समोरच्या पेटीतून शांत, समजूतदार आवाज आला. "कुणाचं वय, आजारपण, भीती किंवा घरची अडचण पाहून तुम्ही ड्युटी बदलता का?"

"छे," मास्तर म्हणाले. "तक्ता म्हणजे तक्ता."

"एखाद्याला उंच टाकीवर चढणं जमत नसेल, तर त्याला सूट मिळते का?"

साडू त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, अगदी नाकाडोळ्यांसकट समोर उभा राहिला. घरच्या माणसाला सूट दिली असं आता बोललो तर निरोपाच्या तोंडावर डाग लागेल, उभ्या नोकरीत कुणी बोट दाखवलं नाही ते आता दाखवतील, हेही त्याच्या मागोमाग आलं. मास्तर ताठ बसले. "मॅडम, माझा सख्खा भाऊ असता तरी त्याला सूट मिळाली नसती. आमच्या विभागात ती पद्धतच नाही."

मॅडमनी हात पुढे करून यंत्र थांबवलं. "मास्तर, ही चौकशी नाहीये हां. तुम्ही जे सांगाल त्यावर हे उद्या चालणार आहे. परत विचारू का?"

"परत विचारलंत तरी उत्तर तेच," मास्तर म्हणाले. खरं सांगायचं तर बोलताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटत होतं.

गंमत अशी की मास्तरांच्या आधी जे कोणी त्या खोलीत जाऊन आले, त्या सगळ्यांनी असंच काहीतरी सांगितलं होतं. सगळं नियमाने चालतं. जो तो बाहेर येऊन ओट्यावर सांगायचा, "जावयाला काही ताकास तूर लागू दिली नाही." आणि सगळे खो खो हसायचे.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. एकाने सांगितलं, मास्तरांनी आयुष्यात कधी कुणाची गय केली नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या साडूच्या होत्या. मोठ्याने हसत, मास्तरांना डोळा मारत तो टाळ्या पिटत होता.

सुरुवातीला काही बिघडलं नाही. जावई ड्युट्या लावायचा, त्या मोबाइलवर यायच्या, आणि साडू उरल्यासुरल्या जुन्या सोबत्यांबरोबर परस्पर अदलाबदल करून घ्यायचा. पण ते सोबतीही एकेक करून निवृत्त झाले. नव्या पोरांना तोंडी तक्ता ठाऊक नव्हता. शिवाय आता टाकीवर पोहोचून मोबाइलवर चेहरा दाखवल्याशिवाय हजेरी लागत नव्हती. साडूच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, आणि एका रविवारी दुपारी तो बायकोला, म्हणजे मास्तरांच्या मेहुणीला, घेऊन मास्तरांच्या घरी आला.

"तुमच्या जावयाकडे अर्ज केला होता," तो मोबाइल काढत म्हणाला. "म्हटलं, मला टाकीतून सोडव, बाकी म्हणशील ती ड्युटी करतो. रात्रीची दे, सुट्टीची दे. बघा काय उत्तर आलंय."

मास्तरांनी चष्मा शोधायचं निमित्त केलं. मग साडूनेच वाचून दाखवलं. "आपला अर्ज मान्य करता येत नाही. टाकीच्या ड्युटीतून सूट देण्याची या विभागात पद्धत नाही. आधार, निवृत्त ड्युटीप्रमुखांची मुलाखत." इथे तो थांबला, घसा साफ केला आणि मास्तरांच्या आवाजाची नक्कल करत पुढचं वाचलं. "माझा सख्खा भाऊ असता तरी त्याला सूट मिळाली नसती."

कुणी हसलं नाही. मास्तरांची बायको नवऱ्याकडे बघत राहिली.

"बरोबरच आहे म्हणा," साडू म्हणाला. "सख्ख्या भावाबद्दल बोललात, साडूबद्दल नाही. माझी केस अजून उघडी आहे."

"अरे, ते आपलं बोलायचं म्हणून बोललो," मास्तर म्हणाले. "मॅडम शेजारी बसल्या होत्या. मी बोलतो त्यांच्याशी."

"उद्या जाल का, भावोजी?" मेहुणीने विचारलं. "पुढच्या आठवड्यात यांचं नाव लागलंय टाकीवर."

"जातो की. उद्याच जातो."

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि पालिकेच्या फाटकापर्यंत गेले. आत जाऊन काय सांगायचं? की मी खोटं बोललो? की भाषणात सांगितलं ते खरं नव्हतं? फाटकापाशी पहारेकऱ्याने त्यांना कडक नमस्कार ठोकला, "मास्तर, तुमच्यासारखी शिस्त आता राहिली नाही," म्हणाला. मास्तर त्याच्याशी थोडा वेळ बोलले आणि परत फिरले. साडूला त्यांनी फोन करून सांगितलं, मॅडम भेटल्या नाहीत, तू डॉक्टरचा दाखला जोडून पुन्हा अर्ज कर.

"डॉक्टरला काय सांगू?" साडू म्हणाला. "डोक्याचे केस पिकले आणि शिडीची भीती वाटते?"

"मग मी जाईन पुन्हा."

"बघा. जमलं तर बघा."

मास्तर पुन्हा गेले नाहीत. एक दिवस डोकं दुखलं, एक दिवस पाहुणे आले, एक दिवस काहीच नव्हतं तरी गेले नाहीत. हे लिहितानाही राग येतो. एवढंसं काम होतं, चार वाक्यांचं, आणि तेवढ्यासाठी या माणसाचे पाय उचलले नाहीत.

ज्या सकाळी साडूची ड्युटी होती, त्या सकाळी मास्तरांची बायको मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. "अहो, उठा. ते वर अडकलेत."

उंच टाकी बाजाराच्या रस्त्यावर होती. मास्तर पोहोचले तेव्हा खाली ही गर्दी जमलेली. भाजीवाले, ऑफिसला निघालेले, शाळेच्या बसमधली मुलं. सगळ्यांच्या माना वर. हजेरीसाठी कसाबसा शिडीच्या मध्यापर्यंत चढून साडू तिथेच गजाला चिकटून बसला होता. खालून त्याच्या बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. विभागातली नवी पोरं खालून ओरडत होती, "काका, डोळे मिटा! काका, एक पाय खाली!" आणि साडू हलत नव्हता. मास्तर गर्दीत मागेच उभे राहिले.

अग्निशमन दलाची गाडी आली, शिडी लागली. दोन जवान वर गेले. एकाने साडूच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरा त्याची बोटं सोडवत बसला, एकेक करून. खाली मोबाइल वर झाले होते. साडूला खाली आणलं तेव्हा त्याची पँट ओली झाली होती. एका जवानाने स्वतःचं जाकीट काढून त्याच्या कमरेला गुंडाळलं. हे ज्यांनी टिपलं नाही असे फार थोडे असतील.

मास्तर पुढे झाले. साडूने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो रुग्णवाहिकेकडे वळला. रुग्णवाहिकेत त्याच्याबरोबर मेहुणी बसली. "मीही येतो," असं मास्तर म्हणाले, तर ती म्हणाली, "राहू द्या, भावोजी. जागा नाहीये." जागा होती.

आठवड्याभरात साडूने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निरोपसमारंभ नको, असंही त्यात लिहिलं. मास्तरांच्या घरात बोलणं कमी झालं. बायको ताट वाढायची आणि उठून जायची. एका रात्री ती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्ही चांगलं करत होतात हो इतकी वर्षं. मग त्याची लाज कसली वाटली?"

दुसऱ्या दिवशी मास्तर फाटकापाशी थांबले नाहीत. मॅडमसमोर उभे राहिले आणि बसा म्हणायच्या आत म्हणाले, "मी खोटं सांगितलं होतं."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सगळ्यांची उत्तरं एकसारखी येत होती. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी मात्र काम लवकर उरकतंय म्हणून खूश होते." मग त्यांनी एसीच्या खोलीचं दार उघडलं.

मास्तर दुपारभर बोलले. तोंडी तक्ता कसा चालायचा, कुणाला कुणाबरोबर पाठवायचं नाही, आजारी माणसाला त्याचा मान न घालवता हलकं काम कसं द्यायचं, बदल्यात त्याच्याकडून काय घ्यायचं म्हणजे त्याला भीक वाटणार नाही. साडूची गोष्ट त्यांनी नाव घेऊन सांगितली. जावई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता, आणि प्रश्न चांगले होते. इतकं नीट ऐकून घेणारं कुणी मास्तरांना आयुष्यात भेटलं नव्हतं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

शेवटी त्याने विचारलं, "टाकीवर चढताना अशी अडचण येणारं विभागात सध्या कुणी आहे का?"

"होता," मास्तर म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "त्यांचा अर्ज अजून मंजूर केलेला नाही मी. त्यांना म्हणावं परत या. राहिलेलं वर्ष पंपघरातच काढा. मी लेखी देते."

त्या संध्याकाळी मास्तर जवळजवळ धावतच साडूकडे गेले. मेहुणीने दार उघडलं. साडू बैठकीत वर्तमानपत्र पसरून वाटाणे सोलत बसला होता. टरफलांचा एक ढीग आणि दाण्यांचं एक पातेलं. मास्तर समोर बसले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. मॅडम, जावई, मुलाखत, पंपघर, लेखी आदेश.

"म्हणजे नाव घेऊन सांगितलंत?" साडूने विचारलं.

"नाव घेऊन. काही ठेवलं नाही. आता तू परत ये. वर्षभराचा तर प्रश्न आहे. मानाने निवृत्त हो."

साडूने एक शेंग फोडली, दाणे पातेल्यात टाकले. त्याचा चेहरा जरा सैल झाला होता. परत यायचं त्याच्या मनात होतं, हे मास्तरांना स्पष्ट दिसत होतं. पंपघराशिवाय हा माणूस घरात वाटाणे सोलत किती दिवस काढणार होता?

"एक विचारू, मास्तर?" तो म्हणाला. "त्या पहिल्या वेळी, जावयाने टाकीचं विचारलं तेव्हा, मी आठवलो होतो का तुम्हाला?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. विसरलो रे, ऐन वेळी डोक्यातच आलं नाही. साडूने ते मान्य केलं असतं, कदाचित तेच ऐकायला तो बसला होता. पण दुपारभर खरं बोलून मास्तरांची जीभ तशी वळायला तयार नव्हती.

"आठवला होतास," ते म्हणाले.

साडूने मान हलवली. "मी हिला सांगत होतो, माणूस विसरतो. ताईलाही फोनवर तेच म्हटलं. वय झालंय, विसरले असतील." त्याने हातातली शेंग न फोडताच टरफलांत टाकली. "मग जावयाला कशाला नावं ठेवायची. त्याला मी कुठे माहीत होतो?"

"परत येशील ना?" मास्तरांनी विचारलं.

आतून मेहुणीचा आवाज आला, "भावोजी जेवूनच जातील ना? पानं घेतेय मी."

"दोनच घे," साडू म्हणाला. "मास्तर निघालेत."